संरक्षित वनक्षेत्रातील शाश्वत पर्यटन आणि भागीदारीचे स्वरूप : नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या गावांत 'बटई' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे. बियाणे कोणी घालायचे, खत कोणी घ्यायचे आणि मळणीनंतर कोणाच्या वाट्याला किती यायचे, हे पऱ्हे टाकण्यापूर्वीच ठरलेले असते. हा ठराव बहुधा तोंडी असतो, काही वेळा एका बाजूला जड जाणाराही असतो; परंतु आपला वाटा किती, हे दोघांपैकी कोणालाही अज्ञात नसते. संरक्षित वनक्षेत्रांतील पर्यटनाच्या संदर्भात गेल्या तीन दशकांत 'लोकसहभाग', 'भागीदारी', 'सहव्यवस्थापन' हे शब्द शासकीय परिपत्रकांत आणि परिसंवादांत चांगलेच रुळले. तथापि बटईतील हा साधा गुण, म्हणजे वाटा आधी सांगण्याचा, या भागीदारीत कितपत उतरला आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आधारे निर्णय, उत्पन्न आणि जोखीम या तीन बाबतींत गावांच्या वाट्याचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

क्षेत्राची पार्श्वभूमी

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. पुढे नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका या अभयारण्यांसह हे सर्व क्षेत्र एकत्र करून डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचे गाभा क्षेत्र ६५६.३६ चौ. कि.मी. आहे. हे क्षेत्र सलग नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६) नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून जातो, तर नवेगावच्या बाजूने गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग धावतो. त्यामुळे येथील वन्यजीवांचे भवितव्य केवळ वनविभागाच्या हाती नाही, ही गोष्ट नकाशावर नजर टाकताच ध्यानात येते.

या परिसरात माणूस पाहुणा म्हणून आलेला नाही. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीतील या तलावाचा विस्तार सुमारे ११ चौ. कि.मी. आहे. म्हणजे ज्या पाण्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात आणि ज्यासाठी पर्यटक दूरवरून येतात, ते पाणी मुळात शेतकऱ्यांनी धानासाठी अडविलेले आहे. अरण्यलेखक आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली (निधन २०२५) यांच्या सेवेचा मोठा काळ येथे गेला. त्यांच्या लेखनातून महाराष्ट्राला नवेगाव कळले, आणि त्यांच्याबरोबरच नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा परिसराचा जाणकारही कळला. एक सरकारी अधिकारी आणि एक गावपाटील यांचे हे साहचर्य कोणत्याही शासन निर्णयातून आलेले नव्हते. भागीदारी हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीची ती भागीदारी होती. पण ती दोन व्यक्तींची होती. व्यक्ती गेल्या की असे संबंध टिकत नाहीत, म्हणून संस्था लागतात.

कायद्याने दिलेली चौकट

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २००६ साली जी दुरुस्ती झाली, तिने व्याघ्र प्रकल्पाची गाभा आणि बफर अशी द्विस्तरीय रचना कायद्यात आणली. गाभा क्षेत्र वाघासाठी अबाधित ठेवायचे; बफर क्षेत्रात वन्यजीव आणि माणूस यांचे सहजीवन साधायचे, स्थानिकांचे उपजीविकेचे, विकासाचे आणि सांस्कृतिक हक्क मानायचे, आणि बफरची हद्द ग्रामसभेशी विचारविनिमय करून शास्त्रीय निकषांवर ठरवायची, असे कलम ३८-व्ही सांगते. त्याच दुरुस्तीतील कलम ३८-एक्स प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी 'व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान' स्थापण्याची तरतूद करते. हे प्रतिष्ठान म्हणजे भागीदारीची आर्थिक तिजोरी होय. प्रवेशशुल्क शासनाच्या सर्वसाधारण खजिन्यात विरून न जाता प्रकल्पाजवळच राहावे आणि त्यातून परिसरातील गावांचा परिस्थितिकीय विकास व्हावा, असा त्यामागील हेतू.

पर्यटनाचा प्रश्न यानंतर ऐरणीवर आला. भोपाळच्या अजय दुबे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनास अंतरिम मनाई केली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती मनाई उठली. गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, गाभ्यात नवी पर्यटक निवासस्थाने उभारू नयेत, प्रत्येक प्रकल्पाची धारणक्षमता काढावी, आणि पर्यटनाच्या धोरणावर देखरेखीसाठी स्थानिक सल्लागार समिती असावी, हे या तत्त्वांचे सार आहे.

नवेगाव-नागझिरा प्रकल्प या तत्त्वांनंतर एका वर्षाने घोषित झाला, हा क्रम महत्त्वाचा आहे. मेळघाट किंवा ताडोबा येथे जुन्या सवयी मोडून नवे नियम लावावे लागले. येथे व्याघ्र प्रकल्पाचा जन्मच नियमांच्या छत्राखाली झाला. त्यामुळे येथील भागीदारी अपुरी राहिली तर त्याचा दोष जुन्या काळावर टाकता येणार नाही.

धारणक्षमतेचे गणित

भागीदारीची चर्चा बहुधा उत्पन्नापासून सुरू होते. खरे तर ती संख्येपासून व्हावयास हवी. किती पर्यटक, किती वाहने, हा आकडा ठरला की उत्पन्नाची कमाल मर्यादाही ठरते. २० टक्क्यांच्या नियमाने येथील गाभ्यातील पर्यटनाचे क्षेत्र अधिकाधिक १३१ चौ. कि.मी. इतके होऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे. तेवढे क्षेत्र खुले करण्याचा तो हक्क नव्हे, हे मात्र वारंवार विसरले जाते.

धारणक्षमता काढण्याची पद्धत लॅटिन अमेरिकेतील संरक्षित क्षेत्रांसाठी मिगुएल सिफ्युएंतेस यांनी १९९२ मध्ये मांडली आणि प्राधिकरणाने तीच स्वीकारली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. केवळ स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पर्यटनमार्ग ४० कि.मी. लांबीचा आहे आणि दोन वाहनांत किमान ५०० मीटर अंतर हवे. एका वेळी ८० वाहने मावतील. ही झाली भौतिक क्षमता. आता धूप होणारे रस्ते, पाणवठ्याजवळील प्राण्यांना होणारा उपद्रव, बंद ठेवावे लागणारे भाग अशा कारणांनी समजा ४० टक्के वजा केले. उरली ४८ वाहने. ही वास्तव क्षमता. शेवटी वनरक्षक, मार्गदर्शक आणि व्यवस्थापन यांचे बळ गरजेच्या निम्मेच आहे असे धरले तर परिणामी क्षमता २४ वाहनांवर येते.

या शेवटच्या पायरीत एक मर्म दडलेले आहे. जंगल तेच राहते, पण मनुष्यबळ वाढले की परवानगीची संख्या वाढते. म्हणजे गावातील प्रशिक्षित मार्गदर्शक हा केवळ रोजगार मिळालेला तरुण नसून तो प्रकल्पाची क्षमताच वाढवीत असतो. त्याच्याकडे उपकाराच्या भावनेने पाहणे हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. तथापि मधल्या पायरीवरील वजावट किती धरायची, हा निर्णय बव्हंशी अधिकाऱ्यांच्या आणि तज्ज्ञांच्या विवेकावर राहतो. कोणता पाणवठा उन्हाळ्यात आटतो, कोणत्या नाल्यावर रानकुत्र्यांची टोळी असते, हे गुराख्याला ठाऊक असते. त्याचे ज्ञान या कोष्टकात कोठे लिहायचे, याची सोय पद्धतीत नाही.

उत्पन्नाचा वाटा आणि जोखमीचा वाटा

पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी ही नावे पर्यटकांना प्रवेशद्वारे म्हणून परिचित आहेत. प्रत्यक्षात ती माणसांची वस्ती असलेली गावे आहेत. पर्यटक जो खर्च करतो त्याचे साधारणतः चार प्रवाह होतात. प्रवेशशुल्क प्रतिष्ठानाकडे जाते. मार्गदर्शकाचे शुल्क गावच्या मार्गदर्शकाला मिळते. जिप्सीचे भाडे वाहनमालकाला मिळते. वाहन घेण्याइतके भांडवल वा कर्जाची पत गावातील मोजक्याच घरांत असते. आणि निवास-भोजनाचा खर्च, जो मुक्कामी पर्यटकाच्या बाबतीत बहुधा सर्वांत मोठा असतो, तो निवासस्थानाच्या मालकाकडे जातो. पहिल्या दोन प्रवाहांवर शासनाचे नियंत्रण आहे. चौथ्यावर ते जवळजवळ नाही. त्यामुळे भागीदारीची सारी चर्चा ज्या रकमेभोवती फिरते, ती पर्यटनातून निर्माण होणाऱ्या रकमेचा एक भागच असते. पर्यटन व्यवसायाकडून संवर्धनासाठी स्वतंत्र शुल्क घेण्याची कल्पना २०१२ च्या तत्त्वांत आहे ती याच कारणाने.

गावाच्या बाजूने या व्यवहारात उभी राहणारी संस्था म्हणजे ग्राम परिस्थितिकीय विकास समिती. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राज्यात २०१५ पासून राबविली जाऊ लागली आणि व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत गॅसजोडणी, सौरकुंपण, शौचालये, रोजगार प्रशिक्षण यांसाठी या समित्यांमार्फत खर्च होऊ लागला. ही कामे उपयुक्तच आहेत. परंतु योजनेचा लाभार्थी आणि व्यवसायातील भागीदार या दोन भूमिकांत अंतर आहे. लाभार्थ्याला काय मिळाले ते सांगता येते. भागीदाराला एकूण किती जमा झाले, हेही विचारता येते.

जोखमीचे वाटप तर अधिकच विषम आहे. रानडुकरांनी तुडविलेली धानाची बांधी, बिबट्याने नेलेली शेळी, सरपणासाठी जाताना वाटणारे भय, हे सर्व गावाच्या वाट्याला येते. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्यापासून रक्कम हाती पडेपर्यंतची दगदग तिच्यात मोजली जात नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातून आणलेल्या दोन वाघिणी आणि एप्रिल २०२४ मध्ये तिसरी वाघीण नागझिऱ्यात सोडण्यात आली. वाघांची संख्या वाढावी यासाठीचा हा प्रयत्न संवर्धनाच्या दृष्टीने योग्य होता. नागझिऱ्यात जन्मलेला प्रसिद्ध 'जय' वाघ उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला आणि २०१६ मध्ये नाहीसा झाला, हे येथील वनप्रेमींना विसरता आलेले नाही. परंतु वाघीण आली म्हणजे प्रवेशद्वारावरील गर्दी वाढते आणि त्याच प्रमाणात शिवारातील धोकाही वाढतो. गर्दीचा हिशेब होतो; शिवारातील धोक्याचा भाव कोणी लावत नाही.

ज्यांनी सर्वांत मोठी किंमत दिली त्यांचे स्थान या रचनेत कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. नवेगावच्या जंगलातील कवलेवाडा, कालीमाटी आणि झंकारगोंदी या गावांचे सौंदडजवळ श्रीरामपूर येथे पुनर्वसन झाले. आश्वासने पूर्ण झाली नाहीत म्हणून तेथील ग्रामस्थांनी पुन्हा जुन्या गावाच्या जागी जाऊन आंदोलन केल्याच्या घटना घडल्या आहेत. अबाधित गाभा क्षेत्र त्यांच्या स्थलांतरामुळे शक्य झाले. परंतु समित्यांची रचना वनालगतच्या गावांसाठी असल्याने, जंगलापासून दूर गेलेले गाव पर्यटनाच्या भागीदारीतूनही आपोआप दूर जाते. पर्यटन त्यांनी रिकाम्या केलेल्या भूमीवर उभे आहे आणि वाटा मात्र जवळ राहिलेल्यांना, ही विसंगती एका पोटनियमाने दूर होण्यासारखी आहे.

पर्यटनाचा हंगाम आणि गावाचा हंगाम

पर्यटनाचे नियोजन करताना गावाच्या पंचांगाचा विचार अपवादानेच होतो. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, बंद असते. नेमका हाच रोवणीचा काळ. मार्गदर्शकाचे उत्पन्न थांबते तेव्हा त्याच्या हाताला बांधीत काम असते, असा हा योगायोगाने जुळलेला मेळ आहे, आणि केवळ पर्यटनावर विसंबणाऱ्या कुटुंबापेक्षा शेती राखून पर्यटनात उतरलेले कुटुंब येथे अधिक सुरक्षित राहते. उन्हाळ्यात मात्र हा मेळ बिघडतो. पाणवठे आटल्याने वन्यप्राणी सहज दिसतात, म्हणून पर्यटकांची मोठी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते. मोहफुलांचा बहर मार्च-एप्रिलमध्ये आणि तेंदूपानांचा हंगाम त्यालगत एप्रिल-मेमध्ये असतो. बफर क्षेत्रात बायामाणसे पहाटे अंधारात मोहाखाली फुले वेचायला बसतात; त्याच वेळी सकाळच्या सफारीची वाहने निघतात. वाघ आणि माणूस यांची जीवघेणी गाठही पुष्कळदा याच ऋतूत पडते.

एकाच जंगलात एकाच पहाटे दोन वर्गांची माणसे शिरतात. एकाच्या हाती प्रवेशपत्र असते, दुसऱ्याच्या हाती टोपले. दोघांच्या वेळा आणि वाटा एकमेकांशी ताडून आखणे हे भागीदारीचे काम होय. बफरमधील काही मार्ग मोहाच्या पंधरवड्यापुरते सकाळी बंद ठेवणे, तेंदूच्या काळात वनरक्षक आणि मार्गदर्शकांनी संकलनाच्या भागात फिरून वाघाच्या वावराची सूचना देणे, अशा उपायांना वेगळा निधीही लागत नाही. त्यासाठी वेळापत्रक ठरविणाऱ्या बैठकीत टोपलेवाल्या बाईचे म्हणणे पोहोचले पाहिजे, इतकेच.

अन्य ठिकाणचे अनुभव

नेपाळने या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. १९९३ च्या कायदादुरुस्तीने चितवनसारख्या राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के रक्कम मध्यवर्ती क्षेत्रातील लोकांच्या विकासासाठी देण्याची तरतूद केली. रकमेच्या विनियोगाबद्दल तेथेही तक्रारी आहेत. परंतु टक्केवारी कायद्यातच असल्याने वाद विनियोगाचा राहतो, हक्काचा राहत नाही. बटईच्या जवळ जाणारी हीच रीत.

केरळमधील पेरियारचे उदाहरण निराळ्या अंगाने बोलके आहे. १९९६ पासून राबविलेल्या भारत परिस्थितिकीय विकास प्रकल्पात तेथील वनविभागाने दालचिनीच्या जातीच्या 'वायना' झाडाची साल चोरून विकणाऱ्यांना एकत्र आणून त्यांची समिती केली, आणि जंगल आतूनबाहेरून ओळखणारी ही माणसे पर्यटकांचे वाटाडे व जंगलाचे राखणदार झाली. ज्ञान आणि गुन्हा एकाच माणसाजवळ असू शकतात, हे ओळखण्याचे धाडस त्या अधिकाऱ्यांनी दाखविले.

युरोपात १९९५ मध्ये 'युरोपार्क' या महासंघाने संरक्षित क्षेत्रांतील शाश्वत पर्यटनाची सनद तयार केली. उद्यानाचे प्रशासन, नगरपालिका, संवर्धन संस्था आणि पर्यटन व्यावसायिक यांचे कायमस्वरूपी व्यासपीठ असणे आणि त्या सर्वांनी मिळून पाच वर्षांचा आराखडा करणे, ही तिची अट आहे. आपल्याकडील स्थानिक सल्लागार समितीची कल्पना याच्या जवळची आहे. फरक असा की सनदेत निवासस्थानाचा मालकही लेखी जबाबदारी स्वीकारून बसतो.

राज्यातील ताडोबाने बफर क्षेत्रातील पर्यटनात आगरझरीसारख्या गावांना पुढे आणले, हे अनुकरणीय आहे. त्याच ताडोबात २०२३ मध्ये ऑनलाईन आरक्षणाचे काम करणाऱ्या खासगी संस्थेविरुद्ध सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून गुन्हा नोंदविला गेला. आरोपाचा निवाडा न्यायालयात होईल. परंतु खासगी भागीदाराच्या हिशेबाची तपासणी विलंबाने झाली तर रक्कम केवढी फुगू शकते, हे त्या आकड्यावरून दिसते. गावातील समितीकडून पाच हजारांच्या खर्चाच्या पावत्या मागितल्या जातात, हे यासोबत आठवावे.

जिल्ह्यातील दोन लहान उदाहरणे

आमगावहून रायपूरकडे जाणाऱ्या रेल्वेतून दरेकसाजवळ ज्याचे क्षणभर दर्शन घडते, तो सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधबा व्याघ्र प्रकल्पाचा भाग नाही. तेथील पर्यटन संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत चालते. वाघ नसल्याने येथे नियमांचा जाच कमी आणि गावाचा हात अधिक मोकळा आहे. पण पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी लोटणारी गर्दी, प्लास्टिकचा कचरा आणि पाण्यातील अपघाताची भीती यांना तोंड देण्याइतके मनुष्यबळ कोणत्याही गावसमितीजवळ नसते. धारणक्षमतेचे गणित व्याघ्र प्रकल्पाबाहेर कोणी करीत नाही, आणि त्याची गरज तर तेथेही तितकीच आहे.

दुसरे उदाहरण सारस पक्ष्याचे. राज्यात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भंडारा जिल्ह्यात, तोही अभयारण्यात नव्हे तर धानाच्या बांध्यांत आणि मामा तलावांच्या काठी. घरटे शेतात असल्याने शेतकऱ्याची संमती हेच त्याचे संरक्षण. गोंदियातील 'सेवा' ही संस्था, वनविभाग आणि शेतकरी मिळून दरवर्षी जूनच्या सुमारास त्याची गणना करतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा प्रशासनही जागे झाले. सारस पाहण्यासाठी येणाऱ्यांकडून शेतकऱ्याला मात्र काही मिळत नाही. घरट्याभोवतीचे धान न कापता राखणाऱ्याला त्या तुकड्याचे मोल देण्याची व्यवस्था ही येथील पर्यटनाची पहिली पायरी ठरावी.

महाविद्यालयांसाठी काही कामे

वरील विवेचनातून महाविद्यालयांच्या वाट्याला येणारी कामे अगदी साधी आहेत. वाणिज्य विभागाचे विद्यार्थी एखाद्या परिस्थितिकीय विकास समितीचे वर्षभराचे जमाखर्च मराठीत, एका पानावर, ग्रामसभेत वाचता येईल अशा रीतीने मांडू शकतात. प्राणिशास्त्र आणि भूगोल विभागांना हाजरा परिसराची धारणक्षमता काढण्याचा अभ्यास हाती घेता येईल. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे मोजपट्टी, घड्याळ आणि तीन पावसाळी रविवार. मराठी विभागाने मार्गदर्शकांकडून झाडांची, पाणवठ्यांची आणि टेकड्यांची झाडीबोलीतील व गोंडीतील नावे नोंदवून घ्यावीत. ही नावे आज पर्यटकांच्या माहितीपुस्तिकांत क्वचितच आढळतात, आणि ती सांगणारे बहुतेक गुराखी आता साठी ओलांडलेले आहेत.